पॅटर्न शॉप नेमके कोणासाठी? कोल्हापुरातील एका लघुउद्योगाचे प्रकरण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका पॅटर्न शॉपवर अनेक वर्षे पुढील मजकुराची पाटी होती: "सर्व प्रकारचे पॅटर्न, कोअरबॉक्स, डाय, जिग-फिक्श्चर व जनरल इंजिनिअरिंगची कामे खात्रीशीर व वेळेवर करून मिळतील." अशी पाटी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कोणत्याही गल्लीत वाचायला मिळते आणि तिच्यात खोटे काही नसते. या शॉपमध्येही ही सगळी कामे होत होती. मात्र मालकांनी व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाखाली धातू कापून आकार देणारे मशीन, घेण्यासाठी बँकेकडे कर्जाचा अर्ज करायचे ठरवले, तेव्हा प्रकल्प अहवालाच्या पहिल्याच रकान्यावर काम अडले. "उद्योगाचे स्वरूप व प्रमुख ग्राहकवर्ग" असा तो रकाना होता. अहवाल तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. तो एक रकाना भरण्यासाठी पुढे जे काही करावे लागले, त्याची ही नोंद आहे. मालकांच्या इच्छेप्रमाणे शॉपचे, त्यांचे आणि त्यांच्या ग्राहकांचे नाव दिलेले नाही.

धंदा काय आहे

ज्यांचा फाउंड्रीशी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याशी, कधी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. ओतकामात वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओततात आणि त्या साच्यातील पोकळी ज्या वस्तूने उमटवली जाते ती वस्तू म्हणजे पॅटर्न. कास्टिंग आतून पोकळ हवे असेल, उदाहरणार्थ पंपाचे केसिंग किंवा व्हॉल्व्हची बॉडी, तर आतल्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा कोअर वेगळा बनवून साच्यात बसवतात. हा कोअर ज्या पेटीत तयार होतो तिला कोअरबॉक्स म्हणतात. पॅटर्न ही हव्या असलेल्या भागाची हुबेहूब प्रतिकृती नसते. ग्रे आयर्न, म्हणजे नेहमीचे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसते आणि पोलाद सुमारे दोन टक्के, म्हणून पॅटर्न त्या हिशेबाने मोठा करावा लागतो. जिथे पुढे मशीनिंग होणार तिथे काही मिलिमीटर माल जादा ठेवावा लागतो. वाळूची कड न मोडता पॅटर्न वर निघावा म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार, म्हणजे ड्राफ्ट, द्यावा लागतो. आणि कोअर ज्या ठिकाणी टेकणार त्या जागा, म्हणजे कोअर प्रिंट, पॅटर्नवरच काढाव्या लागतात. यांपैकी एक गोष्ट चुकली तर ती चूक त्या पॅटर्नवरून निघणाऱ्या प्रत्येक कास्टिंगमध्ये उतरते. एका पॅटर्नची किंमत किती, यापेक्षा त्याच्यामुळे किती कास्टिंग भंगारात जातात, हा प्रश्न म्हणूनच फाउंड्रीला अधिक जाचतो.

कोल्हापुरात हा धंदा ऑइल इंजिनांच्या मागोमाग वाढला. शेतीच्या पाण्यासाठी लागणारी इंजिने इथे बनू लागली, त्यांच्यासाठी ओतकाम उभे राहिले आणि ओतकामासाठी पॅटर्न करणारे कारागीर लागले. पॅटर्न सागवानाचे असत, त्यामुळे या कारागिरांतले कितीतरी जण मुळात सुतारकाम करणारे होते. पुढे विजेच्या मोटारींमुळे इंजिनांची मागणी ओसरली आणि फाउंड्र्या वाहने, ट्रॅक्टर, पंप व व्हॉल्व्ह यांच्या कास्टिंगकडे वळल्या. पॅटर्नच्या कामातही लाकडाच्या जोडीला ॲल्युमिनियम आणि रेझिन आले. आपल्या प्रकरणातील मालक याच परंपरेतले आहेत. त्यांचे वडील सुतार होते, ते स्वतः सागवानावर हात बसवून पॅटर्नकडे वळले, आणि त्यांच्या मुलाने मेकॅनिकलचा डिप्लोमा करून संगणकावर मॉडेल बनवण्याचे काम हाती घेतले आहे. बाहेरचे लोक मालकांना आजही "मेस्त्री" म्हणतात, आणि इथेही मी तोच शब्द वापरतो.

पाटीमुळे काय होत होते

पाटी सगळ्यांना बोलावत होती आणि सगळे येत होते. कोणी शाफ्ट टर्निंगला घेऊन येई, कोणी प्लॅस्टिकच्या डबीच्या मोल्डची चौकशी करी, कोणी प्रेस टूलची, कारण "डाय" म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापल्या उद्योगातील डाय येते. यातील प्रत्येक चौकशीला वेळ द्यावा लागे. ड्रॉइंग वाचायचे, मालाचा आणि तासांचा हिशेब करायचा, कोटेशन द्यायचे, दोनदा फोन करायचा आणि शेवटी ते काम त्याच कामात मुरलेल्या दुसऱ्या शॉपला कमी दरात मिळाल्याचे ऐकायचे. मुलाच्या आठवड्यातला बराच वेळ अशा कोटेशनांतच जात होता.

उलट बाजू अधिक गंभीर होती. मेस्त्रींचा हात ज्या कामात सर्वात चांगला होता, त्या कामाचा पाटीवर उल्लेखच नव्हता. शॉपपासून फार दूर नसलेल्या एका फाउंड्रीने झिजलेल्या कोअरबॉक्सऐवजी नवा संच बनवून घेतला आणि त्यासाठी बरेच दिवस उत्पादन थांबवले. जुना कोअरबॉक्स दुरुस्त होऊ शकला असता, हे त्यांच्या क्वालिटीच्या माणसाला नंतर मेस्त्रींशी झालेल्या गप्पांतून कळले. ते गृहस्थ रोज या पाटीखालून जात होते.

सरकारी कागद मात्र या शॉपविषयी पाटीपेक्षा नेमके बोलत होते. बिलावर जीएसटीचा ८४८० हा एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा, क्रमांक होता. त्या शीर्षकात ओतकामाचे मोल्डिंग बॉक्स, मोल्डिंग पॅटर्न आणि निरनिराळे साचे येतात, म्हणजे निदान शॉप कोणत्या घराण्यातले आहे ते त्यावरून समजते. लघुउद्योगांसाठी जुलै २०२० पासून सुरू असलेल्या सरकारी उद्यम नोंदणीत मात्र पुन्हा तोच मोह दिसला: उद्योगाचा प्रकार सांगणारे एकाहून अधिक एनआयसी कोड निवडता येतात, म्हणून मुलाने लागू होण्यासारखे वाटणारे सगळे निवडून ठेवले होते. एखादे काम आपण करू शकतो हे खरे आहे, मग ते लिहायचे का नाही, हा त्याचा प्रश्न होता आणि तो प्रामाणिक होता. अहवालासाठी त्याने लिहून आणलेला पहिला मसुदाही याच वळणाचा होता: "आम्ही सर्व उद्योगांसाठी एंड-टू-एंड टूलिंग सोल्युशन्स पुरवतो." पाटी निदान पॅटर्न हा शब्द तरी उच्चारत होती, या वाक्यात तोही उरला नव्हता.

बिलांची मांडणी

मी मेस्त्रींना व्यवसायाचे वर्णन करायला सांगितले नाही, कारण त्यांनी ते पाटीच्याच शब्दांत केले असते. त्याऐवजी मागील काही वर्षांची बिले टेबलावर काढली आणि प्रत्येक बिलाबाबत एकच प्रश्न विचारला: हा ग्राहक आपल्या दारात येण्याच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे काय बिघडले होते? बिलावर वस्तूचे नाव असते, अडचण लिहिलेली नसते, आणि ग्राहक तर अडचण घेऊन येतो. मेस्त्रींची स्मरणशक्ती दांडगी आहे. बहुतेक बिलांना त्यांच्याकडे उत्तर होते, आणि ज्यांना नव्हते त्यांची आठवण हिशेब पाहणाऱ्या त्यांच्या पत्नींनी करून दिली.

अशा मांडणीतून एक चित्र हळूहळू स्पष्ट झाले. जिग-फिक्श्चर आणि जनरल मशीनिंगच्या बिलांमागे बहुधा कोणतीही विशेष अडचण नव्हती. ग्राहकाचा नेहमीचा माणूस मोकळा नव्हता, एवढेच कारण होते. तिथे दरावर घासाघीस झाली होती आणि बहुतेक ग्राहक पुन्हा फिरकले नव्हते. नव्या पॅटर्नची बिले मोठ्या रकमेची होती, पण त्यांचे पैसे सॅम्पल मंजूर होईपर्यंत अडकत आणि मंजुरी तिसऱ्याच्या हातात असे. टिकाऊ ग्राहक आणि वेळेवर आलेले पैसे लहान रकमांच्या बिलांत सापडले. "कोअर प्रिंट बिल्ड-अप", "कोअरबॉक्स करेक्शन", "पॅटर्न जोडणी", "डॉवेल बदलणे" असे काहीतरी त्यांवर लिहिलेले होते. प्रत्येकामागे एकाच जातीची हकिगत होती: कास्टिंग नाकारले जात होते, फाउंड्रीतील लोकांनी वाळू, ओतण्याचे तापमान, साचा घडवणाऱ्या मोल्डरचा हात हे सगळे तपासून पाहिले होते, आणि शेवटी कोणीतरी म्हटले होते की पॅटर्न मेस्त्रींना दाखवून आणा.

आणखी एका प्रकारची बिले वेगळी काढावी लागली. जुन्या पंपांचे किंवा यंत्रांचे सुटे भाग ज्यांचे ड्रॉइंग कोणाकडेच उरलेले नाही, असे भाग ग्राहक घेऊन येत आणि "असाच पाहिजे" म्हणत. वापरून झिजलेल्या भागावरून पॅटर्न करताना झीज भरून काढायची, मशीनिंगची जागा ओळखून तिथे माल वाढवायचा आणि मग आकसण्याचा हिशेब मिळवायचा, असे काम असते. बाहेरून ते नक्कल केल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात मूळ मापे कोणती असतील याचा शोध असतो.

कामाच्या जागेवर

कागदांवरून जे दिसले ते प्रत्यक्ष पाहण्याची संधी लवकरच मिळाली. एका फाउंड्रीचा मोल्डिंग सुपरवायझर ॲल्युमिनियमचा पॅटर्न आणि सोबत कापलेले एक कास्टिंग घेऊन आला. मेस्त्रींनी त्याला काही विचारण्याआधी पॅटर्न उचलला, उजेडाकडे तिरका धरला आणि कोअर प्रिंटच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी शॉपमध्ये पडलेला एक कोअर प्रिंटच्या मापाशी लावून हलवून दाखवला; तो दोन्ही बाजूंना किंचित खुळखुळत होता.

"कोअर वर उचलला जातोय. खालची भिंत जाड आणि वरची पातळ येत असणार," ते म्हणाले.

सुपरवायझरने कापलेले कास्टिंग पुढे केले. व्हर्नियर लावला, तर एका बाजूला भिंत ड्रॉइंगपेक्षा जाड होती आणि समोरच्या बाजूला तेवढीच पातळ. वितळलेले लोखंड वाळूच्या कोअरपेक्षा कितीतरी जड असते, त्यामुळे ओतताना ते कोअरला वर ढकलते आणि प्रिंट सैल असेल तर कोअर जागा सोडतो. फाउंड्रीने तोपर्यंत वाळूला बांधून ठेवणाऱ्या बेंटोनाइट या चिकणमातीचे प्रमाण बदलून पाहिले होते.

"मेस्त्री, नवा पॅटर्न करावा लागंल काय?" सुपरवायझरने विचारले.

"नवा कशाला? प्रिंटला स्टीलचा तुकडा बसवून देतो, म्हणजे परत झिजणार न्हाई. कोअरबॉक्स पण आणा मात्र. नुसता प्रिंट नीट करून भागत न्हाई, दोघांचं जमायला पाहिजे."

या संवादात शॉपच्या व्यवसायाचे जेवढे नेमके वर्णन होते, तेवढे पाटीवर, बिलावर किंवा उद्यम प्रमाणपत्रावर कुठेच नव्हते. कास्टिंगमधील दोष पाहून तो पॅटर्नमध्ये कुठे आहे हे शोधणे आणि पॅटर्न व कोअरबॉक्स एकमेकांशी जुळवून देणे, हे या शॉपचे काम आहे. मशीन, लाकूड, ॲल्युमिनियम ही त्या कामाची साधने आहेत. मेस्त्री मात्र याला काम मानतच नव्हते. त्यांच्या मते हे "बघून सांगणे" होते, आणि बघून सांगण्याचे पैसे त्यांनी कधी लावले नव्हते.

ग्राहक कोण

काय करतो हे सापडले तरी कोणासाठी हा प्रश्न बाकी होता, आणि पॅटर्नच्या धंद्यात तो सोपा नाही. नवीन पॅटर्नचे पैसे बहुतेक वेळा कास्टिंग विकत घेणारी कंपनी देते, पॅटर्नची मालकी तिची असते, पण पॅटर्न राहतो फाउंड्रीत, वापरते फाउंड्री, आणि झिजतोही तिथेच. नव्या पॅटर्नचा निर्णय कंपनीच्या खरेदी विभागात होतो. दुरुस्तीचा निर्णय मात्र फाउंड्रीच्या क्वालिटी किंवा प्रॉडक्शनच्या माणसाकडे असतो, कारण रिजेक्शनचे उत्तर त्याला द्यावे लागते आणि दुरुस्तीची रक्कम त्याच्या अधिकारात बसते. हे दोन ग्राहक निरनिराळी भाषा बोलतात. पहिल्याला मशीनची यादी, मापनाची साधने आणि मुदत हवी असते. दुसऱ्याला सोमवारची पाळी सुरू होण्याआधी पॅटर्न परत हवा असतो. दोघांना एकाच वाक्यात सामावून घेण्याच्या प्रयत्नातूनच "सर्व प्रकारची कामे" जन्माला येतात, असे माझे मत आहे.

आम्ही फाउंड्रीच्या बाजूने निर्णय घेतला. पण फाउंड्री हा शब्दही पुरेसा नव्हता. हाय-प्रेशर मोल्डिंग लाइन चालवणाऱ्या मोठ्या फाउंड्र्यांचे टूलिंग धातूचे असते, त्यांची स्वतःची टूलरूम असते आणि एकाच भागाचे हजारोंनी उत्पादन होते. तिथे मेस्त्रींना बोलावण्याचे कारण क्वचितच येते. याउलट जॉबिंग फाउंड्रीत हाताने किंवा अर्पासारख्या साध्या मोल्डिंग मशीनवर साचे बनतात, लॉट लहान असतात, रॅकवर जुने-नवे असंख्य पॅटर्न रचलेले असतात, आणि वर्षातून एकदोनदा निघणारा पॅटर्न नेमका ऑर्डर आल्यावर बिघडलेला सापडतो. पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स आणि शेती अवजारांची कास्टिंग करणाऱ्या अशा फाउंड्र्या कोल्हापूर परिसरात आहेत, तशाच बेळगावातही आहेत, आणि मेस्त्रींच्या जुन्या बिलांत बेळगावची नावे आधीपासून होती.

मसुदे आणि मतभेद

मुलाचे वाक्य बाजूला ठेवून आम्ही केलेला पहिला मसुदा असा झाला: "आम्ही फाउंड्री उद्योगासाठी दर्जेदार पॅटर्न व कोअरबॉक्स बनवतो." हे वाक्य शेजारच्या चारही शॉपच्या पाटीवर तसेच्या तसे चालले असते, म्हणून ते बाद केले. ज्या वाक्याखाली दुसऱ्याचे नाव घातले तरी काही बिघडत नाही, त्या वाक्याने आपल्याविषयी काही सांगितलेले नसते. दुसऱ्या मसुद्यात आम्ही आकसणे, ड्राफ्ट, प्रिंट अशी सगळी विद्या कोंबली; तो वाचणाऱ्याला मेस्त्रींचे ज्ञान कळले असते, आपले काम त्यांच्याकडे आहे की नाही ते कळले नसते.

तिसऱ्या मसुद्याच्या वेळी बाप-लेकांत खरा मतभेद उभा राहिला. मसुद्यात दुरुस्तीचा उल्लेख आघाडीवर होता आणि मुलाला ते मान्य नव्हते. "आबा, दुरुस्ती पुढं लिहिली की आपण जुनाट शॉप वाटणार. उद्या नवीन डेव्हलपमेंटचं काम कोण देणार?" असे तो म्हणाला. डिप्लोमा करून, मॉडेलिंग शिकून आलेल्या माणसाला आपल्या शॉपची ओळख डागडुजीची व्हावी असे वाटत नाही, यात वावगे काही नाही. मेस्त्रींची भीती वेगळी होती: पाटीवरून कामे कमी केली तर दारात आलेला माणूस परत जाईल, आणि आलेल्या माणसाला परत पाठवणे त्यांच्या स्वभावात नाही.

मुलाच्या आक्षेपावर बिलांनीच उत्तर दिले. नवीन पॅटर्न देणारे जे ग्राहक टिकले होते, त्यांतील बहुतेक जण पहिल्यांदा दुरुस्तीसाठी आले होते. कोणाचा तरी अडलेला लॉट मेस्त्रींनी सोडवला, त्यानंतर त्या फाउंड्रीने पुढचा नवा पॅटर्न इथेच टाकला. दुरुस्ती हे शॉपचे प्रवेशद्वार होते आणि तेच झाकून ठेवले गेले होते. मेस्त्रींच्या भीतीवर असा तोडगा निघाला की जुन्या ग्राहकांची बाकी कामे पूर्वीसारखीच घ्यायची, फक्त ती जाहीर करायची नाहीत. मला हा तोडगा अर्धवट वाटला होता. आता तो योग्य वाटतो, कारण व्यवसायाचे वर्णन बदलण्यासाठी पंचवीस वर्षांचे संबंध तोडण्याची गरज नसते.

अखेर ठरलेला मजकूर असा आहे:

"लहान लॉटची कास्टिंग करणाऱ्या फाउंड्रींचे झिजलेले किंवा रिजेक्शन देणारे पॅटर्न व कोअरबॉक्स आम्ही तपासून दुरुस्त करतो. ड्रॉइंग उपलब्ध नसलेल्या भागांचे पॅटर्न जुन्या नमुन्यावरून नव्याने बनवून देतो."

खात्रीशीर, वेळेवर, दर्जेदार हे शब्द गेले. त्यांना विरोध नव्हता, पण ते वाचून कोणताही ग्राहक काही ठरवत नाही.

दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे

मजकूर स्पष्ट झाला की नाही हे लिहिणाऱ्याला कळत नाही. म्हणून काही लोकांना तो एकदा वाचून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी, कागद न दाखवता, हे शॉप काय करते असे त्यांना विचारले. एका फाउंड्रीच्या क्वालिटी प्रमुखांनी जवळजवळ मेस्त्रींच्याच शब्दांत उत्तर दिले आणि आपल्याकडे पडून असलेल्या दोन कोअरबॉक्सची आठवण काढली. मेस्त्रींच्या मेहुण्यांना, ज्यांचा किराणा दुकानाचा व्यवसाय आहे, फाउंड्री म्हणजे काय हे सांगावे लागले. त्यांच्यासाठी मजकूर बदलण्याची गरज मला वाटली नाही. तो त्यांच्यासाठी लिहिलेलाच नव्हता.

सर्वात उपयोगी प्रतिक्रिया बँकेच्या अधिकाऱ्यांची आली. त्यांनी वाक्य वाचले, समजून घेतले आणि विचारले, "तुमचा धंदा दुरुस्तीचा आहे, तर मग एवढे मोठे व्हीएमसी कशाला पाहिजे?" मुलाचा चेहरा पडला, पण प्रश्न रास्त होता. आधीच्या मोघम वर्णनात कोणतेही मशीन सहज बसले असते. स्पष्ट वर्णनाने मशीनलाही आपले कारण सांगायला लावले. उत्तर शोधताना असे लक्षात आले की दुरुस्तीत सर्वाधिक वेळ हाताने फायलिंग करून पॅटर्नचे दोन अर्धे भाग जुळवण्यात जातो. ते जुळले नाहीत तर कास्टिंगच्या पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात त्या रेषेवर, पायरी येते, जिला फाउंड्रीत मिसमॅच म्हणतात. झिजणाऱ्या जागी बसवायचे धातूचे इन्सर्ट नेमक्या मापाचे करणे हेही वेळखाऊ काम होते. ही दोन्ही कामे व्हीएमसीवर काही तासांत होऊ शकत होती. पण त्यासाठी आधी ठरवलेल्या मोठ्या टेबलाच्या मशीनची आवश्यकता नव्हती. ते मशीन डाय आणि मोल्डची कामे मिळतील या आशेवर निवडले होते. शॉपमध्ये प्रत्यक्ष येणाऱ्या कोअरबॉक्सची मापे काढली आणि त्यांना पुरेल असे लहान मशीन अहवालात घातले. कर्जाची रक्कम त्याप्रमाणे उतरली आणि हप्ता शॉपच्या आवाक्यात आला. माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणातील सर्वात मोलाचा परिणाम हा आहे. व्यवसायाचे वर्णन जाहिरातीसाठी लिहायचे असते असे आपण धरून चालतो. इथे त्याने भांडवली खर्चाचा निर्णय बदलला.

वापर

पाटी, कार्ड, कोटेशनचा वरचा भाग आणि व्हॉट्सॲप बिझनेसवरील माहिती या सर्व ठिकाणी हाच मजकूर गेला. मोल्डर आणि सुपरवायझर यांच्यात उत्तरेकडून आलेले कामगार बरेच असल्याने कार्डाच्या मागच्या बाजूला हिंदी मजकूरही घेतला. नकाशावरील नोंदीत "मशीन शॉप" असा वर्ग होता, तो बदलला.

फोनवर काय बोलायचे हे ठरवणे मात्र कार्डापेक्षा महत्त्वाचे ठरले, कारण उद्यमनगरातील बहुतेक कामे फोनवरूनच येतात. आता फोन घेणारा प्रथम तीन गोष्टी विचारतो: मोल्डिंग हाताने होते की मशीनवर, कास्टिंगमध्ये नेमके काय चुकते आहे, आणि कापलेला पीस पाठवता येईल का. पुढचा माणूस फाउंड्रीचा असेल तर त्याला दुसऱ्याच प्रश्नाला खात्री पटते की आपण योग्य ठिकाणी आलो आहोत. शाफ्ट टर्निंगची चौकशी असेल तर त्याला शेजारच्या शॉपचा नंबर दिला जातो. परत पाठवण्याचा मेस्त्रींचा संकोच यामुळे गेला. माणूस रिकाम्या हाताने जात नाही, आणि ती शॉपही आता पॅटर्नची विचारणा इकडे वळवू लागली आहेत.

काय बदलले आणि काय राहिले

चौकशांची संख्या घटली, हे सुरुवातीला मुलाला खटकले. पण कोटेशनपैकी ऑर्डरमध्ये उतरणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि त्याचा मोकळा झालेला वेळ मॉडेलिंगकडे गेला. नमुन्यावरून पॅटर्न करण्याच्या कामात आता तोच पुढे असतो: झिजलेल्या भागाची मापे घेऊन तो संगणकावर मूळ आकार उभा करतो, आणि कुठे झीज धरायची, कुठे नाही, याबाबत वडिलांचा शब्द घेतो. दुरुस्तीमुळे शॉप जुनाट वाटेल ही त्याची शंका आता तो बोलून दाखवत नाही, पण ती पूर्ण गेली आहे असे मी म्हणणार नाही.

कंपन्यांच्या खरेदी विभागांसाठी हा मजकूर चालत नाही, हे मान्य केले पाहिजे. पुरवठादार नोंदणीच्या त्यांच्या फॉर्मवर मशीनची संख्या, टेबलाचे माप, मापनाची साधने आणि सॉफ्टवेअर यांचे रकाने असतात आणि ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यासाठी एक स्वतंत्र पान तयार केले आहे. ते मागितल्यावरच दिले जाते आणि त्याच्याही माथ्यावर वरील दोन वाक्ये आहेत.

एक प्रश्न नव्या मजकुरानेच निर्माण केला. त्यात "तपासून" असे लिहिल्यामुळे फाउंड्र्या केवळ तपासणीसाठी पॅटर्न पाठवू लागल्या आणि काही जण दोष समजून घेऊन दुरुस्ती आपल्याच सुताराकडून करू लागले. मेस्त्रींनी आयुष्यभर "बघून सांगण्याचे" पैसे घेतले नव्हते. आता तेच शॉपचे मुख्य काम म्हणून लिहिले गेले होते. बरीच चर्चा होऊन असे ठरले की तपासणीचे वेगळे शुल्क घ्यायचे, दोष कुठे आहे आणि किती आहे याची मापांसह लेखी नोंद द्यायची, आणि दुरुस्ती इथेच झाली तर ते शुल्क बिलातून वजा करायचे. जुन्या ग्राहकांकडून शुल्क मागताना मेस्त्रींना अजूनही अवघड वाटते, म्हणून ते बिल त्यांच्या पत्नी पाठवतात. लेखी नोंदीचा मात्र फाउंड्र्यांना अनपेक्षित उपयोग झाला: पॅटर्न कास्टिंग घेणाऱ्या कंपनीच्या मालकीचा असल्यामुळे दुरुस्तीचा खर्च तिच्याकडे मागताना ते हाच कागद जोडतात.